परिचारिकेची नोंदणी आणि पोलिसांची अटक

(१९८२ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी किरकोळ दुरुस्त्यांसह.)



सकाळपासून आपण हसतोय, जुने फोटो बघतोय, कुणाच्या डोक्यावर किती केस उरलेत त्याची मोजदाद चाललीय. नुकतंच पोटभर जेवणही झालंय. अशा वेळी मी अटकेचा विषय काढणार म्हटल्यावर संयोजकांनी मला दोनदा विचारलं, "अगं, नक्की हाच विषय?" मी म्हटलं, नक्की हाच. दुसरं काही बोलले तर तुम्ही डुलक्या घ्याल.

विनोद बाजूला ठेवते. आपल्या तुकडीतल्या सहा मुली नर्सिंगला गेल्या. त्या काळी सरकारी नर्सिंग स्कूलमध्ये राहायला वसतिगृह आणि महिन्याला विद्यावेतन मिळायचं. घरची परिस्थिती बेताची असलेल्या मुलीला शिकता शिकता चार पैसे घरी पाठवता यायचे. आता आपल्यापैकी कितीतरी जणांच्या लेकी, सुना, पुतण्या, भाच्या याच क्षेत्रात आहेत. गेल्या वर्षभरात आपल्यातल्याच तिघांनी मला वेगवेगळ्या वेळी फोन करून एकच प्रश्न विचारला. "पोलिसांत नाव गेलं तर तिचं रजिस्ट्रेशन जातं का गं?" तिघांचाही आवाज इतका दबलेला होता, की बाजूच्या खोलीतल्या माणसालाही ऐकू जाऊ नये. म्हणून ठरवलं, की या प्रश्नाचं उत्तर एकदा मोठ्याने, सगळ्यांसमोर द्यायचं.

मी वकील नाही. ३६ वर्षं सरकारी रुग्णालयांत काम केलं, अधिपरिचारिका म्हणून लागले आणि अधिसेविका म्हणून निवृत्त झाले. त्यातली बरीच वर्षं संघटनेचं काम केलं, त्यामुळे अडचणीत सापडलेल्या सिस्टर्सबरोबर पोलीस ठाण्यात, कोर्टात आणि कौन्सिलच्या कार्यालयात बसणं नशिबी आलं. तिथे जे शिकले ते सांगते.

उत्तर आधी सांगते. नुसत्या अटकेने नोंदणी जात नाही. अटक हा निकाल नाही. पण अटकेनंतर तीन वेगवेगळ्या दारांवर तीन वेगवेगळ्या चौकशा सुरू होऊ शकतात, आणि माणसं गोंधळतात ती इथे. पहिलं दार पोलीस आणि न्यायालयाचं. तिथे गुन्हा घडला का, हा प्रश्न असतो आणि शिक्षा तुरुंगाची किंवा दंडाची असते. दुसरं दार नोकरी देणाऱ्याचं. तिथे ही बाई आमच्याकडे कामावर राहील का, हा प्रश्न. तिसरं दार कौन्सिलचं, म्हणजे महाराष्ट्र परिचर्या परिषदेचं. तिथे ही बाई परिचारिका म्हणून काम करायला लायक आहे का, हा प्रश्न. एका दारावर जे झालं ते दुसऱ्या दारावर आपोआप लागू होत नाही. आणि एका दारावर दिलेलं उत्तर दुसऱ्या दारावर दिल्याचं कुणी धरत नाही. प्रत्येक ठिकाणी वेगळा कागद, वेगळी मुदत.

आता अटक होते कशाकशात? लोकांना वाटतं नर्सला अटक झाली म्हणजे तिने काहीतरी चुकीचं इंजेक्शन दिलं असणार. माझ्या माहितीतल्या निम्म्या प्रकरणांचा वॉर्डशी काही संबंध नव्हता. एकीच्या भावाचं लग्न मोडलं आणि भावजयीने केलेल्या तक्रारीत सासू-सासऱ्यांबरोबर नणंद म्हणून हिचंही नाव आलं. ही राहायला २०० किलोमीटरवर, क्वार्टरमध्ये. दुसरीच्या स्कूटीची म्हाताऱ्या माणसाला धडक बसली. तिसरी मोर्चात होती. अशा तक्रारी सगळ्या खोट्या असतात असं मी म्हणत नाही. छळ सोसलेल्या सुनाही मी वॉर्डात पाहिल्यात, भाजलेल्या, आणि त्यांचे मृत्युपूर्व जबाब नोंदवले जाताना शेजारी उभी राहिलेय. सांगायचं इतकंच, की 'अटक झाली' या दोन शब्दांवरून काय घडलं ते कळत नाही.

आता पहिलं दार. नागरिकशास्त्राच्या तासाला बाईंनी आपल्याकडून मूलभूत हक्क पाठ करून घेतले होते. तेव्हा ते पाच गुणांसाठी पाठ केले. त्यातला अनुच्छेद २२ या कामी येतो. अटक केली तर कारण सांगावं लागतं, वकिलाला भेटू द्यावं लागतं आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं. कायद्यात आणखी दोन गोष्टी आहेत, त्या प्रत्येक घरातल्या बाईला माहीत हव्यात. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही. अगदीच अपवादात्मक परिस्थिती असेल तर महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन आधी न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. आणि साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल तर बाईला पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी तिच्या घरी यायचं असतं. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत ऊठसूट अटक करू नये, आधी नोटीस द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात बजावलं. ते प्रकरण सासरच्या छळाच्या कलमाचंच होतं.

वकील परवडत नाही म्हणून गप्प बसणाऱ्या मुलींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, तिचं उत्पन्न कितीही असो. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथे अर्ज करायचा. हे उपकार नाहीत, हक्क आहे.

आता दुसरं दार. सरकारी नोकरीत इथे एक आकडा लक्षात ठेवायचा, ४८ तास. १९७९ च्या महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियमांतल्या नियम ४ प्रमाणे कर्मचारी ४८ तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला, तर तो अटकेच्या दिवसापासून निलंबित झाल्याचं मानलं जातं. मानीव निलंबन म्हणतात त्याला. गुन्हा खरा की खोटा, वॉर्डातला की घरातला, हे त्या क्षणी कुणी बघत नाही, फक्त घड्याळ बघतं. शुक्रवारी संध्याकाळी झालेली अटक म्हणूनच जास्त महागात पडते. शनिवार-रविवार मध्ये आला, जामीन लांबला की ४८ तास कधी उलटले कळत नाही. म्हणून जामिनाची धावपळ पहिल्या दिवशीच करायची. नातेवाइकांना मी नेहमी सांगायचे, आधी वकील गाठा, कुणामुळे झालं त्यावर नंतर भांडा.

निलंबन म्हणजे बडतर्फी नव्हे. निलंबनाच्या काळात निर्वाह भत्ता मिळतो, सुरुवातीला अर्धपगारी रजेच्या वेतनाइतका आणि त्यावर महागाई भत्ता. तीन महिन्यांनंतर त्याचा आढावा घेऊन तो वाढवता येतो, किंवा विलंबाला कर्मचारी स्वतः जबाबदार असेल तर कमीही करता येतो. आरोपपत्र न देता तीन महिन्यांपलीकडे निलंबन ताणू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अजयकुमार चौधरी खटल्यात सांगितलं. पण हे सगळं मागावं लागतं. अर्ज न करता टेबलावरची फाइल स्वतःहून पुढे सरकलेली मी ३६ वर्षांत पाहिली नाही.

ही झाली कायम नोकरीची गोष्ट. कंत्राटी मुलींचं काय, ते एका घटनेवरून कळेल. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागाला आग लागली. त्या दिवशी ११ कोविड रुग्ण दगावले. पाठोपाठ सरकारने कारवाई केली. अधिकाऱ्यांबरोबर एका परिचारिकेला निलंबित केलं आणि दोन परिचारिकांची सेवा थेट समाप्त केली. ९ नोव्हेंबरला पोलिसांनी एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिकांना अटक केली. आग एक, वॉर्ड एक, पण एकीला निलंबन आणि निर्वाह भत्ता, तर दोघींच्या हातात नुसता सेवासमाप्तीचा कागद. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंच्या कक्षात आग लागून १० बाळं गेली, आणि पुढे दोन परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. ज्या आयांची बाळं गेली त्यांच्या दुःखापुढे आमची गाऱ्हाणी लहानच आहेत. जबाबदारी ठरलीच पाहिजे. पण भिंतीतली वायरिंग आणि आग विझवण्याची यंत्रणा हा परिचारिकेच्या कामाचा भाग नसतो, आणि घटनेच्या वेळी वॉर्डात दिसते ती मात्र तीच. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात, तसं होतं.

कायद्यात नुकताच एक बदल झालाय, तो मला जास्त खटकतो. पूर्वी निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर भारतीय दंड संहितेचं कलम ३०४-अ लागायचं. डॉक्टर असो, नर्स असो की ट्रकचालक, शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम १०६ मध्ये ही शिक्षा पाच वर्षांपर्यंत वाढवली. वैद्यकीय उपचार करताना असं घडलं तर मात्र नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाला पूर्वीसारखी दोन वर्षांपर्यंतच शिक्षा. ठीक आहे. पण नोंदणीकृत व्यावसायिक कोण, याचं स्पष्टीकरण त्याच कलमात आहे: ज्याचं नाव राष्ट्रीय किंवा राज्य वैद्यकीय नोंदवहीत आहे तो. आमचं नाव परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत असतं. म्हणजे शब्दशः वाचलं तर एकाच खाटेपाशी, एकाच उपचारात, डॉक्टरला दोन वर्षं आणि सिस्टरला पाच. कुणी मुद्दाम केलं असेल असं मी म्हणणार नाही. बहुधा आमची आठवण राहिली नाही. पण दिवसरात्र रुग्णाजवळ जी असते तिचीच आठवण राहू नये, हे बोचतं. आपल्यात जे वकील आहेत, जे राजकारणात आहेत, त्यांना माझी विनंती आहे, हा विषय लावून धरा.

डॉक्टरांच्या बाबतीत जेकब मॅथ्यू खटल्याचा २००५ चा निकाल प्रसिद्ध आहे. ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा निघाला आणि रुग्ण दगावला, असं ते प्रकरण होतं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की निष्काळजीपणाच्या आरोपावरून डॉक्टरला सरधोपट अटक करू नये, आणि तपास अधिकाऱ्याने आधी त्या विषयातल्या जाणकार डॉक्टरचं निष्पक्ष मत घ्यावं. परिचारिकेच्या वकिलानेही हा निकाल न्यायालयापुढे ठेवायलाच हवा, आणि प्रश्न शुश्रूषेचा असेल तर नर्सिंगमधल्या जाणकाराचं मत मागायला हवं.

आता तिसरं दार, ज्याबद्दल तुम्ही फोन केले होते. महाराष्ट्रात १९६६ च्या परिचारिका कायद्याखाली ही परिषद आहे. नोंदणी असल्याशिवाय परिचारिका म्हणून काम करता येत नाही, आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. न्यायालयात दोष सिद्ध झाला किंवा व्यवसायातलं गैरवर्तन झालं, तर परिषद चौकशी करून कारवाई करू शकते, अगदी नोंदवहीतून नाव काढण्यापर्यंत. पण त्याआधी नोटीस द्यावी लागते, बाजू मांडायची संधी द्यावी लागते. एफआयआर झाला, अटक झाली, पेपरात फोटो आला, एवढ्यावर नाव काढलं जात नाही. देशपातळीवर १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी संसदेने २०२३ मध्ये नवा राष्ट्रीय आयोगाचा कायदा केलाय, त्यातही गैरवर्तनाची चौकशी हे स्वतंत्र काम मानलंय.

एका सहकारी सिस्टरची गोष्ट तिच्या परवानगीने सांगते. नाव, गाव, रुग्णालय सांगत नाही. बाळंतिणींच्या वॉर्डात रात्री ती एकटी, खाटा ३०, बायका ४० च्या वर, काही जमिनीवर गाद्या टाकून. एका बाळंतिणीला इंजेक्शन दिल्यावर त्रास सुरू झाला आणि पहाटे ती गेली. सकाळी जमाव जमला, काचा फुटल्या. जमावाच्या रेट्यापुढे ३०४-अ ऐवजी ३०४ लागलं. फरक केवढा? ३०४-अ जामीनपात्र, ३०४ अजामीनपात्र. 'फक्त जबाब द्यायला या' म्हणून तिला बोलावलं आणि ती घरी परतली तिसऱ्या रात्रीनंतर. मानीव निलंबन झालं. १४ महिन्यांनी तिला परत घेतलं, दुसऱ्या तालुक्याला नेमणूक देऊन. खटला चालला सात वर्षं.

तिला वाचवलं कशाने, तर तिच्या अक्षराने. आपल्या मराठीच्या बाईंना आनंद होईल म्हणून सांगते! डॉक्टरांनी फोनवर सांगितलेला तोंडी आदेश तिने वेळेसह रिपोर्ट बुकात लिहिला होता. इंजेक्शन कितीला दिलं, कितीला त्रास सुरू झाला, कितीला मामाला डॉक्टरांकडे पाठवलं, डॉक्टर कितीला आले, सगळं ओळीने. संध्याकाळच्या सिस्टरकडून ओव्हर घेताना पेशंट किती आणि स्टाफ किती हेही लिहून सही घेतलेली. कोर्टात सरकारी वकिलाने ते बुक उलटसुलट तपासलं. कुठे खाडाखोड नाही, मागून घातलेली ओळ नाही. ती निर्दोष सुटली.

पण तिची नोंदणी धोक्यात आली ती भलत्याच कारणाने. परिषदेने तिला खुलासा मागणारं पत्र पाठवलं होतं. ते गेलं तिच्या माहेरच्या पत्त्यावर, कारण नोंदणी झाली तेव्हा तिचं लग्न झालेलं नव्हतं आणि पुढे पत्ता कधी बदललाच नव्हता. वडील वारलेले, घर बंद, पत्र परत गेलं. दुसरं पत्रही तसंच. उत्तर नाही म्हणजे हिला काही सांगायचं नाही, असा अर्थ निघायला किती वेळ लागतो? योगायोगाने दुसऱ्या एका कामासाठी आम्ही परिषदेत गेलो होतो, तिथे हे कळलं. मग अर्ज केला, न्यायालयातली कागदपत्रं जोडली, निकाल लागेपर्यंत थांबण्याची विनंती केली आणि ती मान्य झाली. त्यामुळे तुमच्या घरात नर्स असेल तर आज रात्री घरी गेल्यावर एवढं बघा: तिच्या नोंदणीवर पत्ता, मोबाइल आणि लग्नानंतरचं नाव बरोबर आहे का.

निर्दोष सुटल्यावर सगळं पूर्ववत होतं का? नाही, आणि ते मी लपवणार नाही. त्या सात वर्षांत पदोन्नतीच्या वेळी तिचं नाव मोहोरबंद पाकिटात राहिलं. तिच्यानंतर लागलेल्या मुली तिच्या इन्चार्ज झाल्या. खटला चालू असताना निवृत्ती आली असती तर तात्पुरतं निवृत्तिवेतन मिळालं असतं, पण उपदान अडकलं असतं. फौजदारी खटल्यात दोष संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, तर खातेनिहाय चौकशीत 'शक्यता जास्त वाटते' एवढंही पुरतं. त्यामुळे कोर्टात सुटलेली बाई चौकशीत अडकू शकते. दोन्ही ठिकाणी तितक्याच काळजीने लढावं लागतं.

तीन दारं वेगळी असतात याचं जगभर गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे, टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलचं. डिसेंबर २०१७ मध्ये तिथल्या एका परिचारिकेने औषधांच्या यंत्रातून शामक औषधाऐवजी व्हेक्युरोनियम हे स्नायू लुळे करणारं औषध काढलं आणि रुग्ण दगावली. परिचारिकेने चूक लगेच सांगितली. नोकरी गेली. राज्याच्या नर्सिंग बोर्डाने २०१८ मध्ये प्रकरण पाहिलं आणि कारवाई करायची नाही असं ठरवलं. मग फेब्रुवारी २०१९ मध्ये तिला अटक झाली, गुन्हा दाखल झाला, आणि त्याच बोर्डाने प्रकरण पुन्हा उघडलं. जुलै २०२१ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. न्यायालयाने तिला दोषी धरलं ते त्यानंतर आठ महिन्यांनी, मार्च २०२२ मध्ये, आणि शिक्षा झाली तीन वर्षांच्या परिवीक्षेची, तुरुंग नाही. म्हणजे परवाना गेला निकालाच्या आधी. चूक कबूल करणाऱ्याला तुरुंग दाखवला तर उद्या कोण कबूल करेल, असा प्रश्न तिकडच्या नर्सेसनी रस्त्यावर उतरून विचारला. तो आपल्याकडेही विचारण्यासारखा आहे.

हे मी सांगतेय कारण आपल्या मुली आता परदेशी जातायत. त्यांच्यासाठी नियम आणखी कडक आहेत. ब्रिटनमध्ये त्यांच्या परिषदेची आचारसंहिता सांगते, की आपल्यावर आरोप ठेवला गेला किंवा गुन्हा सिद्ध झाला तर परिषदेला आणि मालकाला शक्य तितक्या लवकर स्वतःहून कळवायचं. अमेरिकेत अनेक राज्यांत बोटांचे ठसे घेऊन पूर्वेतिहास तपासतात. आणि जाण्याआधी इथे पासपोर्टचा प्रश्न येतो. फौजदारी खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो, मात्र न्यायालयाची परवानगी आणली तर मिळू शकतो. दार बंद नाही, फक्त किल्ली कोर्टाकडे आहे.

यात सगळ्यात मोठा खड्डा अर्जातल्या एका रकान्यात असतो. 'आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे का, अटक झाली आहे का?' घरची वडीलधारी मंडळी सांगतात, 'नाही लिही, कोण बघतंय?' कृपा करून असा सल्ला देऊ नका. अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या विषयाचा सविस्तर ऊहापोह केलाय. गुन्हा किरकोळ असेल आणि खरं सांगितलं असेल तर नोकरी देणारा सगळी परिस्थिती बघून निर्णय घेतो. मुद्दाम लपवलं तर मात्र ते लपवणंच नोकरी नाकारायला पुरेसं कारण होऊ शकतं. भावजयीच्या तक्रारीत नणंद म्हणून नाव आलं, ती गोष्ट समजावून सांगता येते. सहीखाली लिहिलेलं खोटं समजावून सांगता येत नाही. रकाना नीट वाचायचा. अटक विचारलीय की दोषसिद्धी, ते बघायचं. जेवढं विचारलंय तेवढ्याचं खरं उत्तर द्यायचं आणि निकालाची प्रत जोडायची.

म्हणून मुलींसाठी थोडक्यात सांगते, लिहून घ्यायचं तर घ्या. ड्यूटीवर असताना तोंडी आदेश वेळेसह लिहा आणि नंतर डॉक्टरांची सही घ्या. स्टाफ कमी असेल, यंत्र बिघडलेलं असेल, तर तोंडी रडत बसू नका, वरिष्ठांना लेखी कळवा आणि पोच घ्या. घटना घडून गेल्यावर रेकॉर्डमध्ये एक अक्षरही बदलू नका, राहिलेलं लिहायचं असेल तर आजची तारीख-वेळ टाकून वेगळं लिहा. गुन्हा दाखल झाल्याचं कळलं तर पळू नका, फोन बंद करू नका, वकिलाकडून अटकपूर्व जामिनाचं बघा. कार्यालयाला स्वतः लेखी कळवा. एफआयआर, जामिनाचा आदेश, निलंबनाचा आदेश, निकाल, सगळ्याची एक फाइल करा आणि ती जन्मभर जपा. परिषदेचं पत्र आलं तर मुदतीत उत्तर द्या, मुदत पुरत नसेल तर मुदतवाढ मागा, पण गप्प बसू नका. आणि या गडबडीत नूतनीकरणाची तारीख चुकवू नका.

आता शेवटचं, जे नर्स नाहीत त्यांच्यासाठी. त्या सात वर्षांत आमच्या सिस्टरला सगळ्यात जास्त काय लागलं असं मी तिला विचारलं होतं. मला वाटलं कोठडी म्हणेल. ती म्हणाली, "हळदीकुंकवाचं बोलावणं यायचं थांबलं." तीस घरांच्या कॉलनीत पूर्वी मध्यरात्री कुणाचंही बाळ तापलं की हिचं दार वाजायचं, तिथे संक्रांतीला कुणी हिच्याकडे फिरकलं नाही. न्यायालयाला सात वर्षं लागली, कॉलनीने एका आठवड्यात निकाल दिला. सुटल्याची बातमी पेपरात आतल्या पानावर दोन ओळींची आली, ती कॉलनीत किती जणांनी वाचली कोण जाणे.

कायदा बदलणं आपल्या एकट्या-दुकट्याच्या हातात नाही. पण कुणाच्या लेकीसुनेचं नाव पोलिसांत गेलं असं ऐकलं, तर 'तिने काय केलं गं?' असं दुसरीला विचारण्याआधी तिच्या घरी जाऊन 'जेवलीस का, वकील मिळाला का?' एवढं विचारणं आपल्या हातात आहे. आपण सगळे आता साठीला टेकलोय. गावात, सोसायटीत आपल्या शब्दाला थोडं वजन आलंय. ते वजन अशा वेळी वापरू या. आणि ज्यांनी मला दबक्या आवाजात फोन केले होते त्यांना सांगते, पुढच्या वेळी मोठ्याने बोला. लाज वाटण्यासारखं तुम्ही काही केलेलं नाही.

सर, बाई, या वयातही तुम्ही आलात, विद्यार्थ्यांची भाषणं शांतपणे ऐकून घेतलीत, पूर्वी आम्ही तुमची ऐकायचो त्याहून जास्त शांतपणे!